अकरा रेघा

फिलोमेन किल्ली काढते बिस्किटांच्या डब्यातून,
हातभर लांब, गंजलेली. देताना रोज बजावते :
दार आधी स्वतःकडे ओढ, मग फिरव.
आतली थंडी गेल्या फेब्रुवारीतली,
अजून बाहेर पडायचीच राहिली आहे.

परांचीवर चढते. सहा मीटर.
सातव्या खांबाचा माथा डोळ्यांच्या रेषेत येतो
आणि ज्याला खालून नऊशे वर्षं माना मोडून पाहिलं लोकांनी
तो माणूस माझ्यासमोर, नाकाला नाक.
(त्याच्या नाकाचा शेंडा नाही.)
गळ्यात थैली. थैलीची दोरी
दोन सैतान दोन बाजूंनी ओढताहेत,
आणि हा दोन्ही हातांनी धरून आहे
थैलीच. गळा नाही.

बोळा भिजवते, मेणबत्त्यांची काजळी उचलते.
ओव्हेर्न्यचा दगड, ज्वालामुखीचा,
धुतला तरी काळाच,
फक्त काळ्यातून काळं वेगळं होतं.
दुपारपर्यंत अक्षरं वर आली :
अव्हारितिया. लॅटिनमध्ये, लोभ.
बघणाऱ्याची गफलत नको,
हा हावरा आहे, हुतात्मा नव्हे.

अक्षरं आठ. जागा पाचांची.
उरलेली तीन सैतानाच्या मांडीवर चढवलीत,
उशिरा आलेल्या पाहुण्यांना जिन्यात बसवावं तशी.
आणि चौथं, ते 'आर', उलटं.
कुणा मठातल्या साधूने मेणाच्या पाटीवर लिहून दिलं असेल.
ह्याला कुठे वाचता येत होतं?
ह्याच्या लेखी तो एक पोट सुटलेला माणूस,
एक पाय पुढे टाकलेला.
तोंड कुठे करायचं त्याचं?
ह्याने दाराकडे केलं.

भिंतीकडची बाजू कुणी पाहत नाही.
अहवालात तिला रकानासुद्धा नाही.
तरी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा
फटीत सरकवला, बॅटरी तिरकी धरली.
पान अर्धं. म्हणजे देठ आहे, शिरा आहेत,
कड आलीच नाही. छिन्नी तिथे थांबली,
आणि शेजारी रेघा. उभ्या, उघड्या.
तीनदा मोजल्या.
अकरा.
सातवीनंतर एक आडवी, खोल,
रागाने मारल्यासारखी.

दिवस? दगड? वाइनचे पेले?
माझे वडील पाव भाजायचे खालच्या गावात.
उधार पावाची रेघ दाराच्या चौकटीवर, सुरीने.
खडूला भीड पडते, म्हणायचे, तो पुसला जातो.
दुकान विकलं, नव्या मालकाने चौकट काढून चुलीत घातली.
मादाम व्हेसेरच्या एकटीच्या चौतीस रेघा होत्या तिच्यात.
वडील म्हणाले, ऊब तरी आली असेल कुणाला.
मग बराच वेळ
पिठाचे हात पुसत राहिले,
हातांना पीठ नसताना.

समोरच्या बाजूला लोभाचं नाव, ठळक,
ज्यांनी लिहवून घेतलं त्यांच्या खर्चाने.
मागे हे.
मी फार अर्थ लावत नाही. कदाचित अकरा कोंबड्या असतील.
ती बाजू धुतलीही नाही.
कोरडा ब्रश तेवढा फिरवला एकदा, आडव्या रेघेपर्यंत,
पुढे हात गेला नाही.

पाच वाजता फिलोमेन खालून ओरडते, सूप निवतंय,
आणि मेणबत्त्यांच्या पेटीतली नाणी
कापडी पिशवीत ओतते.
काय सापडलं गं, एग्लांतिन?
कुणाचे तरी पैसे द्यायचे राहिलेत, मी म्हणते.
नाण्यांचा आवाज थांबतो.
मान वर. एक हात पिशवीच्या तोंडावर.
किती?