मना, मनी, मनं

अमळनेरला स्टेशन रोडवर, झेरॉक्सच्या दुकानावर
पोटमाळ्याएवढी खोली. मिनिटाला बारा रुपये.
पुंजाबाई बोरसे बोलतात, मी टाइप करतो,
टाइप झालेलं सॉफ्टवेअर चाळतं :
सर्वनामं किती, कोणती, दर हजारी.

एक्केचाळीस मिनिटं. बिबड्यांचं पीठ, बोरीच्या पात्रातले झरे,
बहिणीच्या लग्नात हरवलेली तांब्याची घागर.
तक्ता आला.
तो : अकरा. ते : चौसष्ट
(म्हणजे नवरा. नाव एकदाही नाही).
मी : तीन.

धुळ्याहून सरांचा फोन. बघ, म्हणाले,
बाई स्वतःला मोजतच नाही.
आणि 'मन' बघ, सत्तावन्न वेळा!
केवढं अंतर्मुख बोलणं. प्रकरणाला नाव मिळालं.

मी पुन्हा हेडफोन लावला.
मनी माय, म्हणतात पुंजाबाई. मना भाऊ. मनं वावर.
मनी आंडेर सुरतमा ऱ्हास.

मन कुठलं आलंय यात!
माय होती चुलीपाशी, तिला मशीननं मनात घातली.
वावर होतं सव्वा एकर, विहिरीपल्याडचं,
तेही गेलं मनांच्या ढिगात.

चूक एकट्या मशीनची नाही, खरं सांगतो.
सातवीत बाईंनी विचारलं, पुस्तक कुठाय?
मी उभा राहून म्हणालो, मनं पुस्तक घर राही गयं.
वर्ग हसला.
त्या दिवसापासून माझं, माझं, माझं,
इतकं घोटलं की आता आईशीही तेच बोलतो
आणि आई पदर नीट करून
पाहुण्यासमोर बसावं तशी बसते.

रात्री लाइट गेली. बॅटरी एकोणीस टक्के.
एकेक शब्द हाताने उचलला,
मनातून काढून प्रथम पुरुषाच्या रकान्यात ठेवला.
पुंजाबाईला पुरुषाचा रकाना. दुसरा नव्हताच.
छप्पन्न हलले. एक हलेना.
अडतिसाव्या मिनिटाला, पापड वाळत घातल्यासारखं सपाट :
मन नही लागस आते.
दोनदा ऐकलं. ते मनच होतं. तिथंच राहू दिलं.

सरांना कळवलं : दुरुस्ती करण्यात आली आहे.
ना कर्ता, ना सर्वनाम. अहवालाची भाषा.
खाली हिशोब जोडला,
एक्केचाळीस गुणिले बारा, चारशे ब्याण्णव.
तेवढं मनं.