पठाणाजवळची फळी

होडी काठावर ओढली की मी आधी वास घेतो.
किड्याने पोखरलेलं लाकूड गोडसर वासतं.
मग हातोडीचं बूड फळीफळीवर हलकेच ठोकत जायचं,
आवाज कुठे बदलतो ते ऐकत.
बांबोळीच्या डॉक्टरणीने माझ्या गुडघ्यावर
तसंच ठोकून पाहिलं तेव्हा मला हसू आलं.

ती म्हणाली, गाठ काढली, मेस्त.
मी विचारलं, सगळी?
ती चष्मा पुसत राहिली.
एक पातळ थर ठेवलाय, मोठ्या शिरेला चिकटलेला.
तो खरवडला असता
तर तुम्ही टेबलावरून उठला नसता.

हे मला समजावून सांगायला नको.
किडकी फळी काढताना चांगल्या लाकडातही वीतभर शिरायचं,
ही आमच्या आज्याची शिकवण.
पण कीड पठाणाला भिडलेली असेल
तर पटाशी आपोआप थांबते.
तिथे काथ्या ठासायचा, राळ भरायची
आणि मालकाला सांगायचं,
पुढच्या वर्षी होडी वर काढलीस की दाखवून जा.
मालक हो म्हणतात. येत नाहीत.

परत वाढेल का, विचारलं.
तिने माझ्याच पावतीच्या मागे पेनाने ओढलं:
किती उरली. कुठे उरली.
पेशी किती घाईने दुभंगतात (माझ्या जरा घाईत आहेत,
दुसऱ्या दर्जाची गाठ, म्हणाली).
शेक दिला की नाही. वय.
आकडा मात्र लिहिला नाही.
आकडा हजार जणांचा असतो, म्हणाली,
तुमच्या एकट्याचा नसतो.
बरोबर आहे. वादळाचा बावटा बंदराला लागतो,
कुठली होडी फुटणार ते त्यावर लिहिलेलं नसतं.

सर्जेकोटात मात्र सगळ्यांना कारण ठाऊक.
पराडकरांची दमयंती म्हणते, तो मोबाइलचा टॉवर.
मेव्हणा म्हणतो, तोडलेला उंबर.
मला स्वतःला संशय तांबड्या रंगाचा,
चाळीस वर्षं होडीच्या पोटाखाली उताणा पडून हुंगलेला.
डॉक्टरणीला विचारलं. म्हणाली, माहीत नाही.
त्या दिवसापासून माझा तिच्यावर विश्वास बसला.

सुलभा रवळनाथाला कौल लावून आली.
उजवा दिला, म्हणाली, पदराने डोळे टिपत.
मी विचारलं, तू काय मागितलंस?
परत येईल का, की परत येणार नाही ना?
ती पायरीवर बसली.
तिला आठवेना.

सहा महिन्यांनी त्या नळीत सरकवतात.
ठक ठक ठक, मग लांब घरघर,
जसे चौघे जण बाहेरून काथ्या ठासताहेत.
जन्मभर मी बाहेर होतो.
आत पडून किड्याला काय ऐकू येत असेल
ते आता कळलं.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरण म्हणाली,
थर किंचित जाड वाटतोय. वाटतोय, म्हणाली.
तीन महिन्यांनी पुन्हा बघू.
सुलभाला मी फक्त तारीख सांगितली.

आज सकाळी जुझे फर्नांडिस आला,
बारा वर्षांत एकदाही सांगितल्या वेळेला न आलेला.
तुमी सांगलास म्हणान इलंय, म्हणतो.
होडी आडवी करून घेतली.
उजव्या हाताची दोन बोटं अजून माझी नाहीत,
म्हणून डाव्याने ठोकलं, पठाणाजवळ.
एकदा. दोनदा.
जुझे माझ्या तोंडाकडे बघत उभा.
घरातून सुलभाची हाक,
पेज निवता हा.
हातानेच तिला थांब म्हटलं
आणि कान फळीला लावला.