मोकळी हवा

झिंदेर शहरात आज सगळे गच्चीवर आहेत,
रमजानचा चंद्र शोधतायत.
शाइबू मात्र अंधाऱ्या खोलीत,
तापलेल्या पत्र्याखाली, लाल दिव्यापाशी,
बोटांना हायपोचा वास.

दाराशी त्साहारा. तिच्या मांडीवर लामिनू,
नऊ वर्षांचा, तीन आठवड्यांच्या तापाने
काडी झालेला.
सकाळपर्यंत विव्हळत होता,
दुपारी अचानक गप्प झाला.
"आता बरं वाटत असेल," ती म्हणते.
शाइबू पोटावर तळवा ठेवतो.
लाकडी पाट.
तो काही बोलत नाही.

मोकळी हवा चांगलीच, असं आपण धरून चालतो.
आजाऱ्याला तिच्यात बसवतो,
संध्याकाळी ती खायला बाहेर पडतो.
पण आतड्यात कोंडलेली हवा
टाचणीएवढ्या छिद्रातून निसटून
पोटात मोकळी झाली,
की माणूस दोन दिवसांचा सोबती.

"उभं राहवत नाही त्याला," शिकाऊ बाल्की घाई करते,
"उताणाच ठेवून काढू?"
शाइबूचा हात थांबतो.

अशीच काढली होती त्याने एकदा,
देलूची. मिरियाहून गाढवगाडीत आलेली.
फिल्म उजेडात धरून म्हणाला होता, काही नाही.
काही नाही!
आतड्याची भिंत दोन्ही बाजूंनी
पेन्सिलीने काढल्यासारखी,
आतून हवा, बाहेरूनही हवा,
आणि हा म्हणाला होता,
वा, किती स्वच्छ उतरली फिल्म.
अकरा वर्षं झाली.
ती फिल्म अजून त्याच्या कपाटात आहे,
चहाच्या डब्यामागे.

"डाव्या कुशीवर. उजवी बाजू वर.
आणि दहा मिनिटं थांबायचं."
"दहा?"
"हवेला कुणी वाट दाखवत नाही, बाई.
तिची ती शोधत वर येते."

त्साहारा मुलाच्या शर्टाची घडी घालते,
मोडते, पुन्हा घालते.
बाहेर कुणी ओरडतं, दिसला!
दुसरं कुणी म्हणतं, छे, धूळ ती.
जनरेटर खोकतो.

मग फिल्म, ओली, चिमट्याला टांगलेली.
यकृताचा पांढरा डोंगर, पोटाची कड,
आणि दोघांच्या मधे
एक कोर,
बीजेच्या चंद्राइतकी बारीक,
फक्त उजेडाच्या जागी काळोख.

"जठरातली हवा असेल?"
"तिला पिशवी असते."
"मोठं आतडं वर सरकलं असेल?"
"मग आत घड्या दिसतील. शोध."
ती शोधते. तोही शोधतो, चष्मा पुसून.
चंद्र पाहिला म्हणणाऱ्यालाही
काझी तीनदा विचारतो, नक्की?
हिला घड्या नाहीत, पिशवी नाही. हिला घरच नाही.
नक्की.
फिल्म तशीच उचलून तो पळतो,
छप्पन्न वर्षांचा माणूस, अंगण ओलांडून
सर्जन राहिलाच्या दाराकडे.
मागे वाळूत ठिपक्यांची रेघ.

त्या रात्री चंद्र दिसला नाही.
गावाने आणखी एक दिवस जेवून घेतलं.

चौथ्या दिवशी पुन्हा फिल्म,
आणि बाल्कीचा आवाज फाटला:
"परत आली! कोर परत आली!"
"ही आपली," शाइबू म्हणाला.
"पोट उघडलं तेव्हा आत शिरलेली.
विरेल आठवड्याभरात."
"पण ती आणि ही, फरक कसा ओळखायचा?"
"फिल्मवर नाही ओळखता येत."
तो उठून वॉर्डात गेला,
पट्टीच्या कडेला अलगद तळवा ठेवला.
मऊ.
"तुझे हात गार आहेत," लामिनू कुरकुरला.

संध्याकाळी त्साहाराने त्याला
कडुनिंबाखाली आणून बसवलं, मोकळ्या हवेत,
सलाईनची बाटली फांदीला अडकवून.