लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा

एरवी हा रस्ता दुधाच्या टँकरचा, शाळेच्या बसचा,
बीट वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा.
ऑगस्टातल्या एका रविवारी मात्र
मोराव्हियातलं हे गाव तो आपल्या हाताने बंद करतं,
आणि कडेच्या आलुबुखाराच्या झाडांना
कमरेपर्यंत गवताच्या गासड्या बांधतं.
जखम व्हायच्या आधीच पट्टी.

मी सातव्या वळणावर.
माझ्याकडे शिट्टी, वायरलेस, पाच झेंडे
आणि घरून आणलेली घडीची खुर्ची,
जिच्यावर बसायला नियमाने मनाई आहे.
एकतीस वर्षं इथल्याच शाळेत भूगोल शिकवला.
हेल्मेटात तोंडं घालून जाणारी ही पोरं,
निम्मी माझ्याच हाताखाली नापास झालेली.

त्रेसष्ट नंबर म्हणजे दालिबोर.
आठवडाभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो.
वय सत्तेचाळीस, गुडघ्यात स्क्रू,
आणि गाडी अशी, की तिचे सुटे भाग
आता फक्त मेलेल्या माणसांच्या गॅरेजात मिळतात.
ढगांची नावं त्याला कधी पाठ झाली नाहीत.
पेपरात लिहिलं होतं: "काळा. मोठा. घरी जावं."
मी शून्य दिलं होतं.

चार फेऱ्या कोरड्या गेल्या.
एक फेरी म्हणजे चार मिनिटं शांतता
आणि मग दोन सेकंद:
आधी झाडांतली पाखरं उठतात,
मग आवाज, मग माणूस,
मग तापल्या रबराचा वास
आणि डांबरावर फुटलेलं एखादं आलुबुखार.

पाचव्या फेरीला टेकडीमागून वारा फिरला.
कापलेल्या गव्हाच्या खुंटांवरून एक सावली सरकत आली.
मनगटावर थेंब. झेंड्याच्या काठीवर तीन.
वायरलेसवर म्हटलं, "सातवर पाऊस."
"इथे लख्ख ऊन आहे, बाई."
"तुमच्याकडे असेल."
"किती पाऊस?"
किती!
डांबराचा रंग बदलेल इतका.
कोरड्यातले टायर दगा देतील इतका.
उन्हात उभ्या माणसाला पाऊस पटवणं
मला वर्गातही जमलं नव्हतं.

पट्ट्यांचा झेंडा काढला.
हा हलवायचा नसतो, नुसता धरायचा:
रस्ता निसरडा आहे, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

पहिले दोघे आले. तरुण.
त्यांना झेंडा दिसला नसेल,
किंवा दिसला आणि परवडला नसेल.
एकाचं मागचं चाक शेपटीसारखं हललं, सावरलं.
माझ्या पोटात अजून हलतंच होतं.

त्यांच्यामागे वीस सेकंदांनी त्रेसष्ट.
वेळेचा पक्का.
चाळीस सेकंद झाले. साठ.
पाखरं उठली नाहीत.
तिकडे त्याची लेक बोहदाना
गुडघ्यावर वही घेऊन वेळा लिहीत असेल,
पेन्सिल एका रकान्यावर थांबलेली.
नव्वद.

मग आला,
इंजिन बंद करून, उतारावरून नुसता घरंगळत,
काच वर, दोन्ही पाय रस्त्याला घासत,
सायकल शिकणाऱ्या पोरासारखा.
गाडी गासडीला टेकवली.
सायलेन्सरवर थेंब चुर्र चुर्र वाजत होते.
"बाई," म्हणाला, "हा कुठला?"
आणि वर बोट दाखवलं.

मी पाहिलं.
एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं नाव
जिभेवर आलंच नाही.
म्हटलं, "काळा. मोठा."
तो हसला, हातमोजे पिळू लागला.

दहा मिनिटांत पुन्हा ऊन. रस्ता वाफाळत कोरडा.
बाकीचे सगळे सुखरूप, भरधाव निघून गेले,
आणि दालिबोर माझ्या खुर्चीत बसून
आलुबुखारं खात शिव्या घालत राहिला,
स्वतःला, ढगाला, थोड्या मलाही:
"तिसरा होतो, बाई! आयुष्यात पहिल्यांदा तिसरा!"
मी काही बोलले नाही.
झेंडा गुंडाळला, ओला लागला,
म्हणून पुन्हा उलगडून
त्याच्या पाठीमागे खुर्चीवर वाळत घातला.