सहाव्या जागी तारा

कडीनामध्ये मंगळवारी लोक दुकानात येतात ते
बार्लीच्या भावाबद्दल कुरकुरायला,
आणि निघताना खिशातून एखादी नोट काढतात:
"लिंडसे, बघ रे, नशीब निघतंय का हिच्यातून."

निघत नाही.
जुनं म्हणजे महाग असं सगळ्यांना वाटतं.
जुनं म्हणजे नुसतं जुनं, मी सांगतो,
चेहरा बघू नका, नंबर बघा.
सहाही आकडे एकसारखे हवेत,
किंवा जिन्यासारखे चढत जाणारे,
किंवा उलटसुलट कसेही वाचा, तेच.
पुढची अक्षरंही बघा: छपाईची पहिली, नाहीतर शेवटची.
आकड्यांनाही कुळी असते.
बाकीची सगळी रयत.

डल्सी ट्रेव्हॉरो आली ती चहाचा डबा घेऊन.
आत एक-एक डॉलरच्या तपकिरी नोटा, रबर वितळून चिकटलेलं,
आणि खाली थोड्या हिरव्या, दोनच्या,
मेरिनो मेंढ्याच्या.
मी पत्त्यांसारख्या मांडत गेलो.
ही दोन डॉलरला दोन डॉलर. हीही. हीसुद्धा.
ती खिडकीतून पार्क केलेल्या गाडीकडे बघत होती.

मग एक आली.
झेड एफ के, पाच आकडे,
आणि सहाव्याच्या जागी
तारा.

मी भिंग खाली ठेवलं. उगाच पुसलं. परत उचललं.
"छापताना एखादी नोट बिघडते," मी म्हणालो,
"शाई फासते, कागद तिरका कापला जातो.
ती बाजूला काढून नष्ट करतात,
आणि गठ्ठा शंभराचा शंभरच राहावा
म्हणून तिच्या जागी अशी एक लावतात."
"म्हणजे बदली."
"बदलीच."
"मग नंबर त्या गेलेलीचा?"
"नाही. नंबर हिचा स्वतःचा.
जागा तेवढी दुसरीची."

कोरी करकरीत असती तर मी फोन उचलून
ॲडलेडच्या लिलाववाल्याला झोपेतून उठवला असता.
पण तीन घड्या, एक टाचणीचं भोक, भोकाभोवती गंज,
आणि कडेला पेन्सिलीनं: नऊ मार्च.
"खोडू नका," मी घाईनं म्हणालो,
"खोडलेलं लिहिलेल्यापेक्षा जास्त दिसतं."
"कोण खोडतंय," ती म्हणाली.

नऊ मार्च, रॉसचा वाढदिवस.
त्या वर्षी तारखा लाकडी गोट्यांवर घालून
पिंपात फिरवल्या होत्या,
आणि निघालेल्या तारखांची विशीतली पोरं
व्हिएतनामला.
वॉलरूच्या धक्क्यावर त्यानं ही नोट दिली होती,
मासे-बटाट्यांचे पैसे,
सुटे परत आल्यावर घेईन म्हणून.

एवढं बोलून तिनं डब्याचं झाकण
दोनदा उघडलं, दोनदा लावलं.
मी काही विचारलं नाही.
गावात सगळ्यांना माहीत आहे,
रॉसच्या धाकट्या भावानं, ग्लिननं,
दोन वर्षं तिच्या वडिलांचं कुंपण दुरुस्त केलं,
त्यातलं निम्मं न मोडलेलं,
आणि मग एका रविवारी टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला.
बावन्न वर्षं.
गेल्या जुलैत त्याला आम्हीच खांदा दिला. जड होता.

"बदलीची महाग का असते मग?"
"कमी असतात म्हणून."
तिनं मान हलवली, जसं बिलात काही चुकलेलं नाही
हे बघून माणसं हलवतात.

साडेतीनशे देईन, मी म्हणालो. खरं तर तीनशेची होती.
तपकिरी सगळ्या तिनं मला विकल्या,
एक डॉलरला एक डॉलर, घासाघीस न करता.
ती हिरवी मात्र पाकिटात घातली,
आणि पावतीमागे मला तिचा नंबर लिहून मागितला.
"हरवली तर कळायला हवं ना, कुठली ते."

मी लिहिला. झेड एफ के, पाच आकडे.
तिनं चष्मा लावून एकेक आकडा ताडून पाहिला,
आणि पावती काउंटरवर परत सरकवली.

"तारा राहिला," ती म्हणाली.