ठळक

चार वर्षं एकच अक्षरकुटुंब पोसतोय मी
रावपुऱ्यातल्या जिन्यावरच्या खोलीत.
खाली इस्त्रीवाल्याचा कोळसा, वर माझा पडदा.
उभा दांडा एवढा जाड
की म्हशीनं टेकून अंग घासावं,
आणि वळण जिथे आतून निसटतं
तिथे नुसता केस.
नियम एवढाच.
बाकी सगळं त्या नियमाशी भांडण.

‘क’च्या पोटात काळं इतकं दाटतं
की उजेडाला शिरायला फट नसते.
मी काळं भरत नाही, पांढरं कोरतो,
भोपळ्यातून मगज काढावा तसं, साल न फाटू देता.
‘क्ष’नं तीन महिने खाल्ले.
आणि तो चंद्रकोरीचा र,
दिल्लीचा मित्र विचारतो, हे काय मधेच?
म्हटलं, याच्याशिवाय आमच्या तऱ्हा
लिहिताच येत नाहीत.

मग गुजराती.
तीच चाल, तोच बोरूचा कल,
फक्त वरची रेघ काढून घ्यायची.
दोरी ओढली आणि कपडे तसेच हवेत उभे.
पहिल्या दिवशी सगळी अक्षरं बोडकी वाटली,
एकेकाची उंची उघडी पडलेली.
दुसऱ्या दिवशी ओळखीची वाटली.
आम्ही इथले मराठी असेच तर वाढलो,
घरात रेघेखाली,
बाजारात रेघेविना.

कुठे चालतो हा टाइप?
सेव-उसळच्या गाडीवर. मांजाच्या दुकानावर.
‘भव्य’ या शब्दात.
‘फक्त आजच’मध्ये, वर्षभर.
कुठे चालत नाही?
औषधाच्या बाटलीवर, भाडेकरारात,
‘वरण झाकून ठेवलंय, जेवून घे’ या चिठ्ठीत.

हे सगळं शालनकाकूंना सांगितलं.
रंगरावकाका गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी
त्या जिना चढून आल्या,
हातात फुलस्केप, बेसण्याची जाहिरात,
एक कॉलम, दहा ओळी, बारा नातेवाईक.
म्हणाल्या, तुझ्या त्या जाड अक्षरात कर.
मलखांबाच्या मैदानावर चाळीस वर्षं
माइक बंद पडला तरी यांचं अडलं नाही.
बारीक अक्षरात ते मावायचे नाहीत.

छापून पाहिलं.
त्या आकाराला केस जळून जातात.
‘दळवी’तला ‘ळ’ मधोमध तुटला,
दोन काळे थेंब उरले
शेजारी शेजारी, एकमेकांना न ओळखणारे.

रात्रभर बसून धाकटा ‘ळ’ काढला,
केसाला मांस चढवलं, दांड्याचं उतरवलं.
ओरडणाऱ्याला कानात बोलायला शिकवत होतो.
पहाटेपर्यंत शिकलाही.
काकूंनी कागद हात लांब करून धरला.
हे कोण? म्हणाल्या.
हा त्यांचा भाऊ वाटतोय,
तो बँकेतला.

मग माझंच पेन्सिल घेतलं.
‘अत्यंत दुःखाने कळविण्यात येते की’ खोडलं.
‘वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी’ खोडलं.
बारा नातेवाईक एका रेघेत गेले,
स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी,
पण तेही.
एवढ्यात मावेल ना आता?

जागेचे पैसे तेवढेच पडले.

रंगराव दळवी.
खाली तेच नाव रेघेविना.
त्याखाली, शनिवार, चार ते सहा.
‘ळ’ शाबूत, मधला केस ताणलेला,
दोन्ही गोल धरून ठेवणारा.

शनिवारी सकाळी इस्त्रीवाल्याचा पेपर
ओट्यावर पडला होता.
त्यानं उचलला नाही, चष्मा शोधला नाही.
इस्त्री उभी केली
आणि उभ्या उभ्याच मोठ्यानं वाचलं.