बंब सोमेश्वरी

एमडेनच्या बंधाऱ्याआड, शेवटून दुसरं घर.
वीबके दारातच सांगते, "माझी खोली गार पडते."
मागून ट्यार्क, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या :
"माझी भट्टी होते. लिहून घ्या दोन्ही."

लिहून घेतो.
घोरण्यापायी अकरा वर्षं वेगळ्या खोल्या,
मधे एकच भिंत, तीही एकेरी विटेची.
नाताळात मुलगा आला होता हॅम्बुर्गहून,
रेडिएटरच्या जुन्या गोल मुठी काढून
हे पांढरे स्मार्ट व्हॉल्व्ह बसवून गेला,
दोघांच्या फोनवर ॲप घालून गेला,
गाडी चुकेल म्हणून घाईघाईनं गेला.

आधी बॅटऱ्या. नव्या आहेत.
मग हवा : रेडिएटरच्या कानाशी चावी फिरवली,
वाटीत थोडं काळं पाणी आलं, सुस्कारा नाही.
मग व्हॉल्व्ह उतरवून पिन.
थंडीतल्या निम्म्या तक्रारी या पिनेच्याच.
उन्हाळाभर दाबून ठेवली की रुसते, वर येत नाही;
पान्याच्या दांड्यानं हलकेच टकटक करायची,
एक थेंब तेल, आणि बोटानं चुचकारत राहायचं,
तान्ह्याची ढेकर काढावी तसं.
ही मात्र खाली-वर, खाली-वर, ठणठणीत.
पडदाही बाजूला केला. कधीकधी व्हॉल्व्ह पडद्याआड
आपलीच ऊब मोजत बसतो
आणि खोली तापली समजून मिटून घेतो.
तेही नव्हतं.
तळघरात बॉयलर शहाण्यासारखा गुरगुरत होता.

मधूनमधून दोघं येऊन फिर्याद देतात, एकेकटे.
ती : "बावीसवर ठेवते, चोवीसवर ठेवते.
फोन म्हणतो तेवीस, माझं नाक म्हणतं तेरा.
हा रात्री तळघरात जाऊन काहीतरी पिळतो."
तो : "सोळावर आणतो, बारावर आणतो,
खिडकी उघडी टाकून झोपतो जानेवारीत.
जेवढी उघडतो तेवढा हा लोखंडी रेडा चेकाळतो.
तिला सांगून उपयोग नाही, शाळेत मास्तरीण होती."
दोघंही हळू आवाजात सांगतात,
भिंत एकेरी विटेची आहे हे विसरून.

साडेतीन तास गेले.
शेवटी कंटाळून, वीबकेच्या फोनवर
तिच्या नावाचा चौकोन दाबला : तीस.
व्हॉल्व्हची मोटर जागी होते तेव्हा बारीक आवाज येतो,
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा.
मी तिच्या रेडिएटरला कान लावून बसलो.
गप्प.
भुंगा वाजला भिंतीपलीकडे.

पुन्हा दाबलं. पुन्हा पलीकडे.
ट्यार्कचा आवाज : "बघा! बघा, सुरू झालं!"

घाईत नावं उलटी पडली होती, एवढंच.
तिनं मागितलेली ऊब रोज त्याच्याकडे जायची,
तो उकडून खिडकी उघडायचा, आपला आकडा उतरवायचा,
आणि इथे तिचा रेडिएटर आणखी गार.
मग ती आणखी मागायची.
तीन महिने.

नावं बदलायला एक मिनिट लागलं.
बिलात काय लिहावं ते सुचेना,
म्हणून स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी चहा ओतला,
कपाच्या तळाची खडीसाखर तडकली.
या भागात कपात चमचा ठेवेपर्यंत चहा थांबत नाही;
मी ठेवायला विसरलो, चौथा कप आला.
"म्हणजे," ट्यार्क म्हणाला, "मी खिडकी उघडायचो, तेव्हा..."
"हो," वीबके म्हणाली.
"आणि तू लोकरीचे मोजे घालून..."
"दोन जोड."

तो उठला. वाटलं, तिच्या खोलीत जाऊन बघेल.
तो आपल्याच खोलीत गेला.
खिडकी ओढून घेतल्याचा आवाज आला, मग खिट्टीचा,
आणि बराच वेळ काहीच नाही.
वीबकेनं माझ्या कपाकडे पाहिलं,
चमचा उचलून स्वतःच आत ठेवला.
"बिलात पिनच लिहा," म्हणाली,
"मुलगा विचारेल."